भीमाशंकरची घंटा आणि वसईचे मठ

टोकावडे, वैशाखरे, धसई, सरळगाव, तिकडे किन्हवली-डोळखांब आणि मधल्या सगळ्या पाड्यांवरून आमचे बोलणे ऐकणाऱ्या गटांना आमचा नमस्कार. भाताची झोडणी उरकली असेल, कणग्या भरल्या असतील. दोन घटका बसायला सवड मिळाली असेल, तर आज एका घंटेची गोष्ट ऐका.

भीमाशंकरला आपल्यापैकी बहुतेक जणी गेल्या आहेत. कोणी श्रावणात, कोणी महाशिवरात्रीला, कोणी खांडसच्या बाजूने घाट चढून पायी. देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती तुम्ही पाहिली असेल. आपल्या देवळांतल्या घंटांपेक्षा तिची घडण वेगळी आहे. ही घंटा मुळात देवळासाठी ओतलेली नव्हती. ती वसईच्या चर्चमधली आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा चिमाजी अप्पांनी तिथल्या घंटा घाटावर आणल्या आणि त्यातली एक भीमाशंकराला वाहिली, असे सांगतात.

आमच्या गटातल्या थोरल्या आत्या लहानपणापासून ही घंटा ऐकत आल्या. पण ज्या घरातून ती आली, ते घर कसे होते, त्याचे पुढे काय झाले, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. ते पाहायला आम्ही अकरा जणी वसईला गेलो. जायला कारणही तसेच घडले होते, ते आधी सांगतो.

आमच्या शिवारात एक जुने दगडी देऊळ आहे. छत अर्धे बसले आहे. शिखराच्या जागी पिंपळ उगवला आहे. भोवती कोरीव दगड पडलेत, दोन वीरगळ आहेत. गावात ठराव निघाला की हे पडके देऊळ उतरवावे, त्याचे दगड नव्या सभामंडपाच्या जोत्यात घालावेत आणि महिला गटाने आपल्या बचतीतून एक्कावन्न हजार रुपये द्यावेत. गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, देवाचेच काम आहे, द्यावे. काही म्हणाल्या, जुने मोडायला पैसे कशाला द्यायचे? बैठकीत आवाज चढले, दोघी उठून गेल्या. तेव्हा आत्या म्हणाल्या, "अगं, आधी एक पडकी वास्तू नीट बघू तरी. पडते कशी आणि टिकते कशी, ते कळू दे. मग भांडा."

म्हणून वसई. पहाटेच्या एसटीने कल्याण गाठले, दिव्याला गाडी बदलली आणि वसई रोडला उतरलो. तिथून रिक्षाने किल्ल्यात.

किल्ला म्हणजे एका टेकडीवरचा बुरूज, असे आमच्या डोक्यात होते. वसईचा किल्ला सपाटीवर आहे. तटाच्या आत अख्खे शहर होते. घरे, रस्ते, बाजार, दवाखाना आणि एकापाठोपाठ एक चर्च. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, आणि पुढची दोनशे पाच वर्षे त्यांचा अंमल इथे होता. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती संन्याशांचे निरनिराळे पंथ आले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. प्रत्येकाने आपला मठ बांधला आणि मठाला लागून चर्च.

आता मठ म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. ख्रिस्ती मठांची रीत फार जुनी. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या साधूने मठात कसे राहावे याचे नियम घालून दिले. ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या वेळी हातांनी काम, जेवण सगळ्यांचे एकत्र. पुढे १२०९ साली असिसी गावच्या फ्रान्सिसने वेगळा पंथ काढला. तो कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, पण सगळे सोडून फकिरासारखा राहिला. त्याच गावची क्लारा ही मुलगी १२१२ साली घर सोडून त्याच्या वाटेने गेली आणि तिने बायांचा मठ उभा केला. आपल्याकडे मुक्ताबाई, जनाबाई होऊन गेल्या, त्याच तेराव्या शतकातली ही गोष्ट.

या फ्रान्सिसच्या पंथाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. १३२१ साली या पंथाचे काही साधू चीनकडे जाताना ठाण्याला उतरले. तिथे त्यांच्यातल्या चौघांना ठार मारण्यात आले. म्हणजे युरोपातल्या जुन्या पोथ्यांत ठाण्याचे नाव सातशे वर्षांपूर्वीच गेले आहे, आणि गेले ते दुःखाच्या बातमीने.

तर या पंथाचे वसईतले चर्च सोळाव्या शतकातले. संत अंतोनीच्या नावाचे. आम्ही आधी तिथेच गेलो.

आत शिरलो आणि सगळ्याच गप्प झालो. वर आभाळ. छप्पर नाही. पण भिंती आणि कमानी अजून उंच उभ्या. आम्हाला ती जागा समजली ती आपल्या घरावरून. तुम्हीही तशीच समजून घ्या. आपल्या जुन्या घरात आधी ओटी, मग माजघर, मग आतले देवघर. चर्चही तसेच. आधी मोठा दरवाजा. मग लांबलचक दालन, जिथे लोक बसतात. त्याच्या टोकाला, थोडी अरुंद, वेगळी खोली, जिथे वेदी असते. ते त्यांचे देवघर. लांब दालनाच्या बाजूंना कमानींच्या आत लहान लहान खोल्या, जणू भिंतीतले मोठाले कोनाडे. त्यांतही छोट्या वेद्या असत. कोणी कुटुंब खर्च देई आणि आपल्या माणसांच्या आठवणीसाठी तिथे प्रार्थना करवून घेई.

चर्चच्या एका अंगाला मठ. मधे मोकळा चौक, चारी बाजूंनी पडवी आणि पडवीला लागून राहायच्या खोल्या. आमच्यातली एक म्हणाली, "हा तर वाडा आहे!" खरेच, चौसोपी वाड्यासारखेच ते. पाऊस असो, ऊन असो, साधूंना पडवीतून फिरता येई, चौकातल्या उजेडात वाचता येई आणि आतल्या दारातून थेट प्रार्थनेला जाता येई. युरोपात शेकडो वर्षे मठ असेच बांधत. तोच नकाशा जहाजातून वसईला आला. दगड मात्र इथला, चुना इथला आणि हातही इथल्या पाथरवटांचे. वसईचा घडीव दगड इतका नावाजलेला होता, की तो जहाजाने गोव्याला जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागात वसईचा दगड आहे.

आता कमानीची गंमत ऐका. आपले अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. ते काहींनी पाहिले असेल. त्यात खरी कमान नाही. तिथे दगडावर दगड ठेवताना प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेला आहे. दोन्ही बाजू जवळ येत येत वर मिळतात. वसईची कमान वेगळी. आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभा करतात. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत आणतात. अगदी वरचा मधला दगड ठोकून बसवला की साचा काढून घेतात. मग प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून धरतो. आम्ही अकरा जणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो आणि मधलीने ढिले सोडले, तर सगळी रांग हलेल. तसेच ते. कमानीचा रेटा शेवटी बाजूच्या भिंतीत उतरतो. म्हणून भिंती एवढ्या जाड लागतात.

हीच कमान मागे लांबवर ओढत नेली की अर्ध्या पिंपासारखे छत होते. वेदीच्या खोलीवर असे दगडी छत करीत. लांब दालनावर मात्र बहुधा लाकडी वासे आणि वर कौले असत. आपल्या कुडाच्या घरात छपराचा भार मेढीवर असतो. कारवीचा कूड पडला तरी छप्पर उभे राहते. इथे उलटे. भार भिंतीवर, आणि भिंतीला पावसापासून सांभाळते ते छप्पर. छप्पर गेले की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरते, चुना धुऊन नेते. चुना गेला की फटी पडतात. फटीत पाखरू पिंपळाची बी टाकते. पुढचे तुम्हाला सांगायला नको.

खाली पाहिले तर जमिनीत लेख कोरलेल्या शिळा. त्या थडग्यांच्या आहेत. त्या काळी मोठ्या माणसांना चर्चच्या जमिनीतच पुरत. अक्षरे पोर्तुगीज, आम्हाला वाचता आली नाहीत. पण जवळच जेझुइटांचे चर्च आहे, त्यातल्या दोन शिळांचा मजकूर जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये नोंदलेला आहे. दोन्ही शिळा विधवा बायांच्या आहेत. एकीचे नाव इझाबेल द आगियार. १५९१ साली वारली. तिने इथल्या विद्यालयाला उदार हाताने मदत केली, असे शिळेवर कोरले होते. दुसरी फिलिपा द फोन्सेका. १६२८ साली वारली. तिने जिवंतपणीच आपले जे होते नव्हते ते सारे या चर्चला दिले.

हे ऐकून आमच्यात जरा चुळबूळ झाली. एवढी मोठी दगडी कमान राजाने बांधली, साहेबाने बांधली, असेच आपण म्हणतो. पण त्यात विधवांचा पैसा होता. दागिने, घर, कदाचित म्हातारपणाची शिल्लक. आमच्या गटाची पेटी आम्हाला आठवली. महिन्याच्या शंभर-शंभर रुपयांनी भरलेली.

आणखी एका बाईची गोष्ट इथलीच. गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा या वसईत १५५६-५७ च्या सुमारास जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, आपल्या मुलखातली. तो जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, व्यापार केला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. १५९७ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या नागासाकीला त्याला क्रुसावर मारले. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. त्याच्या आईचे नाव मात्र आम्हाला कुठेच कोरलेले दिसले नाही.

मैत्रिणींनो, फक्त गोड गोष्टी सांगितल्या तर ते खरे होणार नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. डोंगरात कोरलेले शिवाचे स्थान, आत नटराज कोरलेला. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी त्या लेण्याचे चर्च केले आणि वर डोंगरावर मठ बांधला. आज वरच्या मठाच्या भिंती पडक्या आहेत आणि खाली लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते. त्या राजवटीत देवळे मोडली गेली, लोकांवर धर्मासाठी जबरदस्ती झाली. वसईची देखणी कमान पाहताना हेही आठवायला हवे. एकाचे मोडून दुसऱ्याचे उभे राहिले की त्या दगडांत कोणाचे तरी रडणे अडकून राहते. आमच्या सभामंडपाच्या जोत्याचा विचार तेव्हा पहिल्यांदा आमच्या मनात वेगळा झाला.

मग आले १७३९ साल. चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. वज्रेश्वरीला आपण जातो, बावन्न पायऱ्या चढतो. वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी त्या देवीला केला होता, अशी कथा तिथे सांगतात. दोन्हीकडची माणसे पुष्कळ मेली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना सामानसुमान घेऊन निघून जायला मोकळीक मिळाली. मठातले साधूही गेले.

आणि घंटा? घंटा घाटावर गेल्या. एक भीमाशंकरला. एक वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी. तिच्यावर १७०७ साल आणि कडेवर बाळ घेतलेल्या मरियमेचे चित्र आहे. एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर. तिच्यावर १७२१ साल आहे, आणि ते देऊळ बांधले १७४७ साली. म्हणजे घंटा देवळापेक्षा वयाने मोठी. अशा घंटा तांबे आणि कथील मिळून ओततात. साधारण चार भाग तांबे, एक भाग कथील. चर्चमध्ये ती उंच मनोऱ्यात असे आणि दोरी ओढून वाजवीत. प्रार्थनेची वेळ, लग्न, मरण, संकट, सगळे तीच गावाला सांगे. देवळाशी आली तेव्हा आपण हाताने वाजवू लागलो. देव बदलला, वाजवणारे बदलले, पण तिचे काम चालू राहिले. म्हणून ती आजही धड आहे.

तिचे घर मात्र धड राहिले नाही. १८२५ साली हेबर नावाचे इंग्रज बिशप वसईला आले. त्यांना किल्ल्यात वस्तीच दिसली नाही. पहाऱ्याचे थोडे शिपाई, बऱ्या स्थितीतले एक लहानसे देऊळ, बाकी पडकी घरे आणि पडकी चर्च. लढाई होऊन तेव्हा शहाऐंशी वर्षेच झाली होती. पुढे इंग्रजी अमदानीत किल्ल्याच्या आत साखरेचा कारखानाही काढून झाला. आता किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे.

सगळ्यात जास्त पडझड तोफांनी केली असेल, असे आम्हाला वाटत होते. पण गोव्याची गोष्ट ऐका. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनचा मठ आणि चर्च होते. १५९७ ते १६०२ या काळात बांधलेले. मनोरा शेहेचाळीस मीटर उंच. तिथे लढाई झाली नाही. पोर्तुगीज सरकारनेच पंथ बरखास्त केले आणि १८३५ साली मठ ओस पडला. १८४२ साली छताची मोठी कमान कोसळली. अवघ्या सात वर्षांत! पुढे १९३१ साली मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. आज अर्धा मनोरा उभा आहे. आणि त्याची घंटा? ती पणजीच्या चर्चवर आहे, १८७१ पासून वाजते आहे. गोव्यातही घंटा वाचली, कारण ती कोणाच्या तरी उपयोगाची राहिली.

आता दुसरे उदाहरण. संत फ्रान्सिसच्या गावी, असिसीला, त्याच्या थडग्यावर १२२८ साली चर्च बांधायला घेतले. म्हणजे आज जवळजवळ आठशे वर्षे झाली. १९९७ साली भूकंपात त्याच्या छताचा भाग कोसळला, चार माणसे दगावली. पण तिथे मठ चालू होता, लोकांची ये-जा होती. चित्रांचे हजारो तुकडे वेचले, छत पुन्हा बांधले आणि १९९९ च्या अखेरीस चर्च पुन्हा उघडले. भूकंप सोसूनही ते उभे राहिले, आणि गोव्याचे नुसते ओस पडून सात वर्षांत बसले. पडत्या वास्तूला माणसांची पाठ फिरणे किती जड जाते, हे आम्हाला तिथे उमगले.

किल्ल्याबाहेर बाजारात भाजी आणि सुकेळी विकणाऱ्या एक मावशी भेटल्या. ख्रिस्ती. बोली थोडी वेगळी, पण मराठीच. वसईच्या ख्रिस्ती लोकांचे मराठी आपल्यापेक्षा उणे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे इथलेच. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. आम्ही मावशींना विचारले, "तुमच्या देवळांच्या घंटा आमच्याकडे आल्या, त्याचे तुम्हाला काही वाटते का हो?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "बाय, इथे राहिली असती तर गंजत पडली असती नाहीतर कोणी मोडीत घातली असती. तुमच्याकडे देवाच्या दारात तर आहे ना? जाशील तेव्हा माझ्या नावाने एकदा वाजव."

मग त्यांनीच विचारले, "तुमच्या गावात काय जुने आहे?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. शेवटी थोरल्या आत्याच म्हणाल्या, "आहे एक देऊळ. मोडायला काढलंय."

परतीच्या गाडीत फारसे कोणी बोलले नाही.

पुढच्या बैठकीला उठून गेलेल्या दोघीही आल्या. काय ठरले ते सांगतो. आमचे बरोबरच ठरले असे नाही, पण दुसऱ्या गटांच्या उपयोगी पडेल.

पहिले, आम्ही महिला ग्रामसभेत विषय मांडला. गावच्या मोठ्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, हे लक्षात ठेवा. तिथे आपले म्हणणे नोंदवून घेता येते. देऊळ उतरवू नये, सभामंडप बाजूच्या मोकळ्या जागेवर बांधावा, असे आम्ही लिहून दिले. मोठ्या ग्रामसभेत वाद झाला. एक वडीलधारे म्हणाले, "बायांना दगडांतले काय कळते?" तेव्हा आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सुनेने कमान कशी उभी राहते आणि छप्पर गेल्यावर भिंत कशी जाते, ते सगळ्यांसमोर सांगितले. दादा मग काही बोलले नाहीत. ठराव अजून पुरता झालेला नाही, पण दगड उचलायचे काम थांबले आहे.

दुसरे, भोवतालच्या सगळ्या कोरीव दगडांची मोजणी केली. त्रेचाळीस भरले. जिथे आहेत तिथेच मोबाइलवर फोटो काढले आणि वहीत नोंदले. दगड हलवला की तो कुठला होता, हे पुन्हा कोणाला सांगता येत नाही.

तिसरे, पिंपळ. लहान रोपे पावसाळ्यात माती भिजलेली असताना मुळासकट अलगद निघतात. तेवढीच काढायची. मोठी मुळे ओढायची नाहीत. कित्येकदा तीच दगड धरून असतात आणि मूळ ओढले की भिंत अंगावर येते. त्याला जाणकार माणूस लागतो.

चौथे, सिमेंट. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका. चुना आत आलेला ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट त्याला कोंडते आणि मग आतला दगड कुजायला लागतो. दुरुस्ती चुन्यानेच करायची आणि ज्याला येते त्यानेच करायची. तुमच्या गावची वास्तू संरक्षित असेल, तर खात्याच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवू नका.

पाचवे, पैसे. एक्कावन्न हजार आम्ही दिले नाहीत. गटाच्या सगळ्या जणींच्या संमतीने आठ हजार बाजूला काढले. त्यातून गाभाऱ्यावर तात्पुरते पत्रे घालायचे आहेत, भिंतीला धक्का न लावता, बाहेर बांबू रोवून. येत्या पावसाआधी ते झाले पाहिजे.

आणि रोज एक जण तिथे झाडून दिवा लावते. पाळी लावली आहे. मंगळवार उठून गेलेल्या त्या दोघींचा.

थोरल्या आत्या येत्या महाशिवरात्रीला भीमाशंकरला जाणार आहेत. गुडघे दुखतात, म्हणून या वेळी गाडीने. त्या घंटेजवळ उभ्या राहून दोनदा वाजवणार आहेत. एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा वसईच्या मावशींच्या.

तुमच्या गावात काय जुने आहे? देऊळ, बारव, वीरगळ, दर्गा, चर्च, काहीही असो. तिथे झाडते कोण? आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमची पत्रे वाचू. तोवर नमस्कार.